थकलेला घोडा आणि आपले पहिले शील



गेल्या वर्षावासात किन्हवलीच्या बाजूला प्रवचनाला गेलो होतो. भातलावणी आटोपली होती, माणसे थोडी मोकळी होती, त्यामुळे विहार भरला होता. त्रिसरण-पंचशील झाले, बुद्धपूजा झाली, आणि मी ग्रंथवाचनाला सुरुवात करणार एवढ्यात मागच्या ओळीतला वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घराने धम्मदीक्षा घेऊन दोनच वर्षे झाली आहेत. तो म्हणाला, "गुरुजी, माझा टेम्पो आहे. एक दलाल भाडं देतोय. दोन लंगडे घोडे आणि एक म्हातारं खेचर. रात्री भरायचे, वर ताडपत्री टाकायची, दुप्पट पैसे. कुठं उतरवायचे ते वाटेत फोनवर सांगणार. मी काय करू?"

त्याच्या शेजारी बसलेल्या वडीलमाणसाने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवले. विहारात असले प्रश्न विचारायचे नसतात, असे त्यांना वाटले असावे. मला मात्र वाटले की असले प्रश्न विहारात विचारायचे नाहीत तर कुठे विचारायचे? त्या दिवशीचे ग्रंथवाचन राहिले. जे बोललो ते, आणि घरी परतल्यावर जे सुचले ते, इथे मांडत आहे.

आपल्या शहापूर-मुरबाडच्या भागाला जनावरांच्या बाजाराची ओळख करून द्यायला नको. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. आपण आता म्हसोबाला नवस बोलत नाही. बावीस प्रतिज्ञा घेताना ते सगळे मागे टाकून आलो. तरी बैल घ्यायचा असला की म्हशाचा बाजार आपण चुकवीत नाही, आणि त्यात काही वावगेही नाही. बाजार तो बाजार. तिकडे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे-गाढवे येतात. तेथे उमद्या घोड्याची किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. पण बाजाराच्या कडेला उभ्या असलेल्या घोड्याकडे आपण पाहत नाही. ज्याचे खूर फुटले आहेत, पाठीला खोगिराने जखम झाली आहे, एका डोळ्याला दिसत नाही, त्याच्याकडे ना नवरदेव पाहतो ना शौकीन. त्याच्याकडे पाहतो तो दलाल. कामाच्या घोड्याची किंमत पायांवर ठरते. पाय गेले की उरते ते मांस आणि कातडे.

हा घोडा येतो कुठून? तो लग्नाच्या वरातीतून येतो, टांग्यातून येतो, डोंगरावरच्या पर्यटकांच्या गावातून येतो, वीटभट्टीवरून येतो. १५-२० वर्षे ओझे वाहून तो थकतो. मालकही बहुधा गरीबच असतो. रोजच्या कमाईतून त्याला घोड्याचा चारा आणि घरची भाकरी दोन्ही काढायची असतात. २०२० साली टाळेबंदीत माथेरानचे पर्यटक बंद झाले तेव्हा घोडेवाल्यांची आणि घोड्यांची एकदमच उपासमार सुरू झाली होती. मुंबईत व्हिक्टोरिया गाड्या चालत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली त्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्यास सांगितले. निर्णय योग्यच होता. पण गाडी सुटली तरी घोडा उरतोच, आणि त्याला रोज खायला लागते. हा हिशेब जो समाज आधी करीत नाही, तो नंतर दलालाच्या हाती देतो.

२०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती ३ लाख ४२ हजारांवर आली. गाढवे तर सुमारे ३ लाख २० हजारांवरून १ लाख २४ हजारांपर्यंत घसरली. ही सगळीच कापली गेली असे म्हणणे चुकीचे होईल. टेम्पो आले, ट्रॅक्टर आले, जनावर पाळणे परवडेनासे झाले. पण गाढवाच्या कातड्यापासून चीनमध्ये एक महागडे औषध करतात, त्याला एजियाओ म्हणतात, आणि त्यापायी जगभर गाढवांची चोरी आणि कत्तल चालते, हेही खरे आहे. आफ्रिकेतील राष्ट्रांच्या संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये या कातड्यांसाठी होणारी कत्तल पंधरा वर्षे बंद ठेवण्याचा ठराव केला. गरिबाचे गाढव गेले की पाणी आणि सरपण बाईच्या डोक्यावर येते, हे त्यांनी ओळखले. आपल्याकडच्या बायकांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता धम्म काय सांगतो ते पाहू.

अंगुत्तर निकायात केसी नावाच्या घोडे शिकविणाऱ्याची कथा आहे. तथागतांनी त्याला विचारले, तू घोड्याला कसे शिकवतोस? तो म्हणाला, कधी गोडीने, कधी कठोरपणे, कधी दोन्ही रीतींनी. तथागतांनी पुढे विचारले, आणि तिन्ही रीतींनी जो शिकत नाही त्याचे काय करतोस? केसी म्हणाला, त्याला मारून टाकतो; माझ्या गुरुकुलाला बट्टा लागू नये म्हणून. मग त्यानेच उलट विचारले, आपण माणसांना कसे शिकवता? तथागतांनी उत्तर दिले की मीही गोडीने, कठोरपणे आणि दोन्ही रीतींनी शिकवतो. आणि जो शिकतच नाही त्याला मीही मारतो. केसी चकित झाला. प्राणिहत्या तर आपल्याला शोभत नाही! तेव्हा तथागतांनी उलगडा केला: अशा माणसाला मी बोलण्यायोग्य समजत नाही, धम्माच्या मार्गात हेच त्याचे मरण. केसी तेथेच उपासक झाला.

ही कथा मी अनेकदा वाचली होती. त्या मुलाचा प्रश्न ऐकल्यावर मात्र ती वेगळी दिसली. केसी क्रूर माणूस नव्हता. तो आपल्या धंद्यात प्रामाणिक होता. त्याच्या धंद्याचा नियमच असा की ज्याचा उपयोग नाही त्याला जगण्याचा अधिकार नाही. बंधूंनो, हा नियम आपल्याला ओळखीचा वाटत नाही काय? आपल्या आजोबा-पणजोबांना गावाने याच नियमाने मोजले. मेलेले ढोर ओढायला हवे तोवर हाक मारायची, काम झाले की वेशीबाहेर. आजही आपल्या तालुक्यातला कातकरी उचल घेऊन भिवंडी-कल्याणच्या वीटभट्टीवर जातो आणि त्याच्या अंगात जोर आहे तोवरच त्याला विचारतात. उपयोगावरून जीवाची किंमत ठरविण्याची ही सवय जनावरापाशी सुरू होते आणि माणसापर्यंत येऊन पोहोचते. काही वेळा माणसापाशी सुरू होऊन जनावरापर्यंत जाते.

अश्वमेधाचेही तेच. वैदिक राजाने घोडा मोकळा सोडायचा, त्याच्यामागे सैन्य धाडून मुलूख जिंकायचा, आणि शेवटी त्याच घोड्याचा बळी देऊन पुण्य पदरात पाडून घ्यायचे. कोसलचा राजा प्रसेनजित शेकडो जनावरांचा यज्ञ मांडून बसला होता. दास आणि नोकर दंडाच्या भीतीने रडत रडत यज्ञाची तयारी करीत होते, असे संयुत्त निकायात वर्णन आहे. खुंट्याला बांधलेले जनावर आणि रडणारा दास यांचा उल्लेख तेथे एकत्रच येतो. तथागतांनी अशा यज्ञांना, अश्वमेधासह, निष्फळ म्हटले.

विनयात भिक्खूंना दहा प्रकारचे मांस वर्ज्य सांगितले आहे, आणि त्यात घोड्याचे मांस आहे. दुष्काळात राजाचे हत्ती-घोडे मेले, लोकांनी ते मांस खाल्ले, भिक्खूंनाही दान दिले, लोकांत कुजबूज झाली, तेव्हा हा नियम झाला. प्रामाणिकपणे सांगायचे तर तेथे दिलेले कारण दयेचे नाही. हत्ती आणि घोडा ही राजाची अंगे मानली जात, राजाला कळले तर त्याची नाराजी होईल, असे ते कारण आहे. आणि हा नियम भिक्खूंसाठी आहे, उपासकांसाठी नाही. ग्रंथात जे नाही ते ग्रंथाच्या तोंडी घालून मी तुम्हाला घाबरवणार नाही. तो उद्योग भटाभिक्षुकांनी पुष्कळ केला आहे.

उपासकांसाठी जे सांगितले आहे ते अधिक जवळचे आहे. उपासकाने पाच धंदे करू नयेत: शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांच्या विक्रीचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. रात्री ताडपत्रीखाली लंगडे घोडे नेणे हे यांपैकी कशात बसते? एकाच फेरीत दोहोंत बसते. "मी मारत नाही, मी फक्त गाडी चालवतो," असे त्या मुलाच्या मित्राने त्याला समजावले होते म्हणे. धम्मपदाच्या दंडवग्गात मारणाऱ्याबरोबर मारवणाराही येतो. आणि वाहणारा? ज्याला उतरवायचे ठिकाण आधी सांगत नाहीत, त्याला आपण काय वाहतो आहोत हे ठाऊकच असते. नाहीतर त्याने विहारात येऊन विचारले नसते.

येथे कोणी तरी म्हणेल, आणि त्या दिवशी एक आजी म्हणाल्याच, "मग आता मटणबी सोडायचं का? बामनावानी व्हायचं का?" आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याला जे हिणवले गेले ते जेवणावरूनच. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडा असे सांगितले, ते आपल्या माणसांचा स्वाभिमान जागा व्हावा म्हणून. 'अस्पृश्य मूळचे कोण' या प्रश्नाचा शोध घेताना त्यांनीच दाखवून दिले की गोमांसाच्या प्रश्नावरून बौद्ध असलेल्या आपल्या पूर्वजांना बहिष्कृत केले गेले. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी अहिंसेचा अर्थ सांगितला तो असा की गरज म्हणून मारणे आणि मारण्याची हौस म्हणून मारणे यांत फरक केला पाहिजे. तथागतांनी अहिंसा हे तत्त्व म्हणून सांगितले, आंधळा नियम म्हणून नाही. तेव्हा कोणाच्या ताटात काय आहे ते पाहून त्याला हलका समजणे हे बौद्धाचे काम नव्हे. मंगोलियात बौद्ध आहेत आणि तेथे घोड्याचे मांस खाणारेही आहेत. थंड ओसाड मुलखात दुसरे पिकत नाही. त्यांचा निवाडा किन्हवलीत बसून मी करणार नाही. पण किन्हवलीत भात पिकतो, नाचणी पिकते, वाल पिकतो. येथे गरजेचे नाव सांगून थकलेला घोडा कापायला धाडता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जून २०२३ मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात, विहिगावापाशी, जनावरे नेणारा एक टेम्पो जमावाने अडवला. गाडीतल्या तिघांना घाटनदेवीकडे नेऊन मारले. त्यातल्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाचे प्रेत दोन दिवसांनी दरीत सापडले. अडवणारे स्वतःला गोरक्षक म्हणवीत होते. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्याच बांधवांना गाडीला बांधून फोडून काढले. ते कुटुंब एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध झाले. मार्च २०१८ मध्ये गुजरातेतच भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. तो हौसेने घोडा पाळत होता आणि त्यावर बसत होता, हे तेथील सवर्णांना खुपत होते, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले.

हे सर्व एकत्र ठेवून पाहा. एकीकडे जनावरासाठी माणूस मारणारे, दुसरीकडे पैशासाठी जनावर मारणारे, आणि तिसरीकडे आपण घोड्यावर बसलो म्हणून आपल्याला मारणारे. धम्माचा रस्ता यांपैकी कोणाच्याही अंगणातून जात नाही. म्हणून मी त्या मुलांना स्पष्ट सांगितले की तुम्ही भाडे नाकारा, पण कोणाचीही गाडी रस्त्यात अडवू नका, हातात काठी घेऊ नका, ड्रायव्हरची जात-धर्म विचारू नका. गाडीचा नंबर घ्या, ११२ ला फोन करा, पोलीस ठाण्यात जाऊन लेखी द्या आणि पोच घ्या. तक्रार घोड्याच्या हालाची द्या, माणसाच्या नावाची नव्हे.

कायदा आपल्या बाजूला आहे, तो माहीत असावा. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे घोडा, खेचर, गाढव गाडीतून न्यायचे असेल तर ते प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला बरोबर लागतो. एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त नेता येत नाहीत, मध्ये बांबू लावावे लागतात, आणि गाडी ताशी ३५ किलोमीटरच्या वर हाकायची नाही. लंगड्या घोड्याला असा दाखला कोण देणार? शिवाय अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत ज्या जनावरांचे मांस अन्न म्हणून विकता येते त्यांत शेळ्या-मेंढ्या, डुकरे, गाई-म्हशींचा वर्ग अशी नावे आहेत. घोडा आणि गाढव नाही. म्हणजे असे मांस विकले जाते ते बहुधा दुसऱ्या नावाने. २०१३ साली युरोपात मोठा गाजावाजा झाला. गोमांस म्हणून विकलेल्या तयार जेवणात घोड्याचे मांस निघाले. लंगडणाऱ्या घोड्याला दुखणे थांबावे म्हणून फेनिलब्युटाझोन नावाचे औषध देतात. ते माणसाच्या पोटात जाणे धोक्याचे असते. तेव्हा घोड्याच्या वेदनेवरचे औषध खाणाऱ्याच्या ताटात येते. १९६० च्या प्राणिक्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती आहे ठाऊक आहे? दहा ते पन्नास रुपये. १९६० साली ती रक्कम मोठी असेल. आज तेवढ्यात विहारातल्या मेणबत्त्याही येत नाहीत.

नुसत्या बंदीने काम भागत नाही, हेही ध्यानात घ्यावे. अमेरिकेत घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले. त्यानंतर घोडे ट्रकांत भरून कॅनडात आणि मेक्सिकोत जाऊ लागले. वाटेतले हाल वाढले. थकलेल्या घोड्याची सोय आधी करायची असते.

सम्राट अशोकाने ते केले होते. त्याचे शिलालेख दूर कुठे पाहायला जायला नको; आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला त्यांचे तुकडे सापडले आहेत. त्याने आपल्या राज्यात माणसांच्या औषधोपचाराबरोबर जनावरांच्या औषधोपचाराचीही व्यवस्था केली, औषधी वनस्पती लावल्या, रस्त्यांवर विहिरी खोदल्या त्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी. घोड्यांना आणि बैलांना डाग देण्यावरसुद्धा त्याने काही दिवसांची बंदी घातली. ज्याच्या सैन्यात हजारो घोडे होते त्या राजाने तापलेल्या लोखंडाचा चटका घोड्याला कसा लागतो याचा विचार केला.

आणखी एक सांगतो. आपण भातशेतीची माणसे. पावसाळ्यात बांधावर, पेंढ्यात, घरातसुद्धा मण्यार, घोणस, फुरसे निघते. साप चावला की भगताकडे न जाता दवाखान्यात जा, हे आपण विहारातून सतत सांगतो. तेथे जी लस टोचतात ती येते कुठून? घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिकार तयार होतो, मग ते रक्त काढून त्यातून औषध करतात. मुंबईची हाफकिन संस्था हे काम वर्षानुवर्षे करीत आली आहे. म्हणजे आपल्या पंचक्रोशीत सापाच्या दंशातून जो जो वाचला, त्याच्या अंगात कोण्या घोड्याच्या रक्ताचा अंश आहे. हे सांगितल्यावर त्या दिवशी विहारात तीन हात वर झाले. त्यांत तो सदरा ओढणारा वडीलमाणूसही होता.

आता लग्नाविषयी थोडे. बाबासाहेबांनी घालून दिलेला बौद्ध विवाह साधा आहे. तरी अलीकडे घोड्यावरून वरात काढण्याची हौस आपल्यातही आली आहे. ती मी उगाच मोडणार नाही. जेथे आपल्या नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढले गेले तेथे घोड्यावर बसणे हा हक्काचा प्रश्न आहे, आणि तो हक्क बजावलाच पाहिजे. पण आपल्याकडे कोणी अडवत नसता रात्री अकरापर्यंत घोडीला डीजेपुढे उभी करायची, तिच्या पायापाशी माळ लावायची, हा कसला हक्क? सुपारी देण्याआधी घोडी दिवसा पाहून घ्या. खूर पाहा, तोंडात लगामाची जखम आहे का पाहा, पोटात पिलू आहे का विचारा. दुखणाईत असेल तर नको म्हणा. मालक कुरकुर करील. पण दहा घरांनी नको म्हटले की तो नाल मारून घेईल, डॉक्टर दाखवील. आपल्या घरातले पैसे जेथे जातात तेथे आपले शील जाते.

घाटावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन खाली उतरतात, त्यांच्या तट्टांवर अख्खा संसार असतो, कोकरे असतात, कधी त्यावर मूल बसवलेले असते. त्यांचे जनावर वाटेत दुखावले तर शहापूरचा किंवा मुरबाडचा पशुवैद्यकीय दवाखाना कुठे आहे एवढे सांगणे, पाणी दाखवणे, एखादी रात्र खळ्यावर जागा देणे, हे आपल्या मुलांना जमण्यासारखे आहे. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रावर दया करीन अशी प्रतिज्ञा आहे. ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांच्या मागून म्हटली. त्यातल्या बहुतेकांच्या घरी त्या दिवशी पुरेसे धान्यही नसेल.

त्या मुलाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो म्हणाला, "गुरुजी, हे सगळं पटलं. पण हप्ता पाच तारखेला असतो." विहारात थोडा वेळ कोणी बोलेना. मग त्या आजीच म्हणाल्या, की तिच्या धाकट्या जावयाला सरळगावच्या बाजारात भाजी न्यायला गाडी लागते, आणि तो दर खेपेला दुसऱ्याच कोणाला तरी शोधतो. एकाने दिवाळीनंतर भाताच्या गोण्या गिरणीवर न्यायच्या आहेत असे सांगितले. महिला मंडळाच्या बायकांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनी कल्याणला जाण्यासाठी गाडी ठरवायची होती. टेम्पोतून माणसे नेता येत नाहीत म्हणून ते बारगळले, पण मंडप आणि भांडी नेण्याचे भाडे त्याला दिले. सगळे मिळून घोड्यांच्या एका रात्रीच्या भाड्याएवढे होत नव्हते. विहाराच्या पेटीतून त्या महिन्याच्या हप्त्यापुरती उसनवारी दिली, वहीत लिहून, सही घेऊन. पुढच्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्याने निम्मी फेडली होती.